ग्रो टेंटमधली रोपं दिवा बदलूनही पुन्हा बिघडतात? आधी हे तपासा

मिरचीचं बी टाकलं, आठव्या-नवव्या दिवशी कोंब वर आले, घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले. पंधराव्या दिवशी तीच रोपं सुतासारखी बारीक होऊन एका अंगाला आडवी पडली. दिवा कमी पडला असेल म्हणून मोठा दिवा आणला. आता रोपं उभी राहिली, पण शेंड्याची पानं पांढुरकी होऊन वर वळली. म्हणून तिसरा दिवा आणला, तर दोन महिन्यांनी खालची पानं पिवळी पडायला लागली.

हा माझा दोन वर्षांचा प्रवास आहे. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या पाच-सहा जणांनी मला फोटो पाठवून जवळपास हेच विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तिन्ही वेळा मी दिव्याला दोष दिला होता. पहिल्या वेळी तो खरोखर दिव्याचा होता, दुसऱ्या वेळी दिवा टांगण्याच्या माझ्या पद्धतीचा होता, आणि तिसऱ्या वेळी दिव्याचा काहीही संबंध नव्हता. पण तेव्हा मला हे तिन्ही वेगळे करून बघता येत नव्हते.

आधी माझी मांडणी सांगते, म्हणजे पुढचे आकडे कशाबद्दल आहेत ते कळेल. पुण्यात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाल्कनी उत्तरेला, समोर अकरा मजली इमारत. ऊन येतं ते एप्रिल-मेमध्ये सकाळी तासभर. मागच्या खोलीत ६० बाय ६० सेंटिमीटरचा, १४० सेंटिमीटर उंच ग्रो टेंट, म्हणजे आतून चकचकीत, चेनने बंद होणारा रोपांचा तंबू. त्यात कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या कुंड्या, रोपांसाठी प्रो-ट्रे. पिकं घरचीच: कोथिंबीर, लेट्यूस, तुळस, लवंगी मिरची, चेरी टोमॅटो.

रोपं लांबट, किडकिडीत, एका अंगाला झुकलेली

याचं कारण बहुतेक वेळा कमी उजेडच असतं, तिथे शंका नको. दोन पेरांमधलं अंतर वाढतं, खोड फिकट होतं, पान लहान राहतं. रोप उजेड शोधत वर पळत असतं. प्रश्न असा की बॉक्सवर '६०० वॅट' लिहिलेला दिवा डोक्यावर असताना उजेड कमी कसा पडतो?

तो ६०० वॅटचा नसतो म्हणून. माझा पहिला दिवा जांभळा होता, ऑनलाइन घेतलेला. भावाने प्लगमध्ये लावायचा पॉवर मीटर आणला आणि दिवा त्यातून चालवला, तर आकडा आला ५८. आम्ही दोघांनी मीटर दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिला, इस्त्री लावून पाहिला. मीटर बरोबर होता. '६०० वॅट' हा एलईडीच्या चिप्सच्या कागदावरच्या क्षमतेची बेरीज करून छापलेला आकडा होता, किंवा जुन्या प्रकारच्या दिव्याशी 'समतुल्य' म्हणून लावलेला. रोपांच्या वाट्याला येतो तो भिंतीतून खरोखर ओढलेल्या विजेतून तयार झालेला उजेड. तेव्हा पहिली तपासणी हीच: पॉवर मीटर लावा. हे मीटर फार महाग नसतात, आणि मिळालाच नाही तर घरातली बाकी सगळी उपकरणं बंद करून विजेच्या मीटरचं रीडिंग तासाभराच्या अंतराने दोनदा बघा. ५८ वॅटचा दिवा आणि ६०० वॅटचा दिवा यातला फरक त्यात लपत नाही.

वॅट कळले तरी काम अर्धंच होतं. वॅट म्हणजे दिवा खातो किती. देतो किती हे वेगळं. चांगल्या पांढऱ्या एलईडी बोर्डाचा एक वॅट दर सेकंदाला साधारण २.५ ते २.८ मायक्रोमोल (प्रकाशकण मोजायचं एकक) उजेड देतो. स्वस्त जांभळा दिवा याच्या निम्म्याच्या आसपासही असू शकतो. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच: 'पीपीएफ किती?' म्हणजे दर सेकंदाला किती मायक्रोमोल. याचं उत्तर न देता तो लुमेन, 'समतुल्य वॅट' आणि चिप्सची संख्या सांगत राहिला, तर मी तो दिवा घेत नाही. लुमेन हे माणसाच्या डोळ्यासाठीचं माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या-पिवळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो, आणि लाल-निळ्याला फार कमी. रोपाचा हिशोब तसा चालत नाही. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला जवळपास सगळा उजेड ते वापरतं.

जांभळा की पांढरा

यावर थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं, हिरवा परत पाठवतं, म्हणून पान हिरवं दिसतं, हे आपण शाळेत शिकलो. त्यावरून 'मग हिरवा उजेड द्यायचाच कशाला' असा हिशोब करून जांभळे दिवे निघाले. पण परीक्षानळीतलं हरितद्रव्य आणि जिवंत पान एक नाही. कीथ मॅक्रीने १९७२ साली बऱ्याच पिकांच्या पानांवर वेगवेगळ्या रंगांचा उजेड टाकून प्रकाशसंश्लेषण मोजलं, तेव्हा हिरव्या उजेडावरही पानं चांगलं काम करतात हे स्पष्ट दिसलं. शिवाय हिरवा उजेड पानात खोल शिरतो, वरच्या पानातून खालच्या पानापर्यंत पोचतो. दाट लेट्यूसमध्ये हे फार उपयोगी पडतं.

आजचा पांढरा एलईडी म्हणजे निळ्या एलईडीवर पिवळसर फॉस्फरचा लेप. तो निळा एलईडी बनवणं इतकं कठीण होतं की त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या शोधामुळेच आज आपल्याला टेंटमध्ये दुपारच्या उन्हासारखा पांढरा उजेड मिळतो, आणि माझ्या मते घरी भाजी करणाऱ्याने तोच घ्यावा. याचं एक अगदी साधं कारण आहे. जांभळ्या उजेडात पान काळपट दिसतं. माझ्या टोमॅटोवर भुरी आली होती, चांगली आठवडाभर, आणि मला दिसलीच नाही. एक दिवस दिवा बंद असताना टॉर्च मारला तेव्हा पानांवर पीठ शिंपडल्यासारखं दिसलं.

पांढऱ्यातही फरक असतो. तो केल्विनमध्ये मोजतात, आकडा मोठा तितका उजेड निळसर. ४००० ते ५००० केल्विनच्या उजेडात निळा भाग जास्त, त्यात रोप बुटकं आणि घट्ट राहतं. रोपवाटिका आणि पालेभाजीला हे उत्तम. ३००० ते ३५०० केल्विन आणि सोबत ६६० नॅनोमीटरच्या लाल चिप्स असतील तर फुला-फळांच्या पिकाला बरं. ७३० नॅनोमीटरचा गडद लाल उजेडही काही दिव्यांत घालतात. या उजेडाने रोपाला आपण दुसऱ्या झाडाच्या सावलीत आहोत असं वाटतं आणि ते लांब होतं. आधीच लांबट होणाऱ्या रोपांवर तो लावू नये. वेगळा स्विच असेल तर बंद ठेवावा. 'फुल स्पेक्ट्रम' या शब्दाला ठरलेली व्याख्या नाही, तेव्हा त्या दोन शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नका.

आणि फक्त रोपंच करायची असतील, पुढे ती गॅलरीत किंवा गावाकडे जाणार असतील, तर ग्रो लाइट घ्यायचीसुद्धा गरज नाही. विजेच्या दुकानात मिळणाऱ्या दोन फुटी, १० वॅटच्या, ६५०० केल्विनच्या चार एलईडी पट्ट्या शेजारी शेजारी लावून रोपांच्या शेंड्यापासून १०–१५ सेंटिमीटरवर ठेवल्या की मिरची-टोमॅटोची रोपं ठेंगणी, जाड खोडाची तयार होतात. शेजारच्या काकूंनी तसंच केलं. मला म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा पट्ट्यांनी होतंय तर तू कशाला एवढे दिवे आणलेस?" त्यांना मी चहा दिला. उत्तर नव्हतं.

किती उजेड हवा: पावसासारखा हिशोब

पीपीएफडी आणि डीएलआय हे शब्द ऐकले की लोक पान उलटतात. पावसाचा विचार करा. सर किती जोराची आहे हे एक, आणि दिवसभरात किती मिलिमीटर पडला हे दुसरं. पीपीएफडी म्हणजे सरीचा जोर: दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल उजेड पडतो. डीएलआय म्हणजे दिवसाची एकूण मोजणी: मोलमध्ये. पीपीएफडीला तासांनी गुणायचं आणि ०.००३६ ने गुणायचं, झालं. २०० मायक्रोमोल १६ तास दिले की ११.५ मोल.

माझ्या अनुभवात आणि पीक-तक्त्यांतही जमणारे आकडे असे: कोवळ्या रोपांना १५० ते २०० मायक्रोमोल पुरे. लेट्यूस, कोथिंबीर, तुळस यांना दिवसाला १२ ते १७ मोल. मिरची, टोमॅटो फळावर असताना २० ते ३० मोल. तुलनेसाठी, भर दुपारच्या स्वच्छ उन्हात २००० मायक्रोमोलच्या आसपास उजेड असतो. म्हणजे उन्हाची बरोबरी करायचा खटाटोप करूच नका, त्याची गरज नाही.

आता माझ्या टेंटवर उलटा हिशोब करून बघा. ६० बाय ६० म्हणजे ०.३६ चौरस मीटर. लेट्यूसला १४ मोल द्यायचे, १४ तास दिवा, म्हणजे २७८ मायक्रोमोल. त्याला ०.३६ ने गुणलं की १००. भिंतींवर, कोपऱ्यांत, कुंड्यांच्या मधल्या जागेत पाचवा हिस्सा जातो असं धरलं तर दिव्यातून १२५ निघायला हवेत. २.५ ने भागा: ५० वॅट. बस्स. मिरचीला २५ मोल, १६ तास, म्हणजे ४३४ मायक्रोमोल. तसाच हिशोब केला की ७८ वॅट. म्हणून या आकाराच्या टेंटला मी १०० वॅटचा, डिमर असलेला पांढरा दिवा सुचवते आणि लेट्यूस असताना तो निम्म्यावर चालवते. महिन्याचं बिलही मोजता येतं: १०० वॅट १६ तास म्हणजे दिवसाला १.६ युनिट, महिन्याला ४८. युनिटला १० रुपये धरले तर ४८० रुपये. हा आकडा दिवा घेण्याआधी घरच्यांना सांगून ठेवावा.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. इंटरनेटवर ग्रो टेंटबद्दल जे तक्ते फिरतात, '१८ तास चालू ६ तास बंद', '१२–१२', '८०० ते १००० मायक्रोमोल', ते बहुतांश गांजाच्या पिकासाठी, जिथे कायद्याने परवानगी आहे तिथल्या लोकांनी बनवलेले आहेत. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने ते पीक घरात घेणं गुन्हा आहे, आणि त्या तक्त्यांवर कोथिंबीर करणं म्हणजे ज्वारीच्या वेळापत्रकावर भात करण्यासारखं आहे. मी तेच केलं होतं. कोथिंबिरीला १८ तास दिवा दिला आणि पस्तिसाव्या दिवशी मधून दांडा निघाला, पानं बडीशेपेसारखी बारीक झाली, फुलावर गेली. कोथिंबीर दिवस मोठा झाला आणि उष्णता वाढली की लवकर फुलावर जाते. पालकाचंही तसंच. पुण्यात जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आत असतो, डिसेंबरमध्ये अकरा तास. आपली ही पिकं १८ तासांचा दिवस कधी बघतच नाहीत. आता मी कोथिंबिरीला १२ तास देते आणि दोन कापण्या निवांत मिळतात. टोमॅटोला २४ तास उजेड तर कधीच देऊ नका, पानं पिवळी पडून खराब होतात. त्याला रात्र लागते.

शेंड्याची पानं पांढुरकी, काठ वर वळलेले

दुसरा दिवा पांढरा, खरोखर १०० वॅट ओढणारा होता. लांबट रोपांची इतकी धास्ती घेतली होती की मी तो पूर्ण ताकदीवर, शेंड्यापासून २० सेंटिमीटरवर टांगला. आठवड्यात मधल्या दोन मिरच्यांची वरची पानं द्रोणासारखी वळली आणि शेंडा पांढुरका झाला. कोपऱ्यातल्या दोन मात्र ठणठणीत. मी खत कमी पडलं समजून खत वाढवलं, पानांची टोकं करपली, आणि दिवा खराब आहे म्हणून परत करायला निघाले.

पण मधली दोन वाईट आणि कोपऱ्यातली दोन चांगली, एवढ्यावरूनच उत्तर मिळायला हवं होतं. सगळ्यांना पाणी एक, खत एक, माती एक. वेगळं होतं ते फक्त डोक्यावरचं अंतर. शंका आली की मी आता सगळ्यात आधी कुंड्यांची अदलाबदल करते: मधली कोपऱ्यात, कोपऱ्यातली मध्ये. चार-पाच दिवसांत नव्या पानाकडे बघा. त्रास जागेवरच राहिला, म्हणजे आता मध्ये आलेलं रोप बिघडायला लागलं, तर दोष उजेडाचा. त्रास कुंडीबरोबर गेला तर दोष मुळात, पाण्यात किंवा खतात. फुकटची परीक्षा आहे, आणि इतकं खात्रीचं उत्तर देणारी दुसरी मला माहीत नाही. आधी पांढरी पडलेली पानं हिरवी होत नाहीत, तेव्हा त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका. निकाल नव्या पानावर लागतो.

यानंतर मोजायला घ्या. लक्स मीटर हजार-पंधराशे रुपयांत येतो. पांढऱ्या एलईडीखाली लक्सच्या आकड्याला ६७ ने भागलं की मायक्रोमोलचा कामचलाऊ अंदाज मिळतो. जांभळ्या दिव्याखाली हा हिशोब अजिबात चालत नाही. मोबाइलचा सेन्सरही वापरता येतो, पण फोनागणिक फरक पडतो, म्हणून त्याने फक्त 'इथे जास्त, तिथे कमी' एवढंच ठरवावं. टेंटच्या तळाचे मनाने नऊ चौकोन करा आणि रोपाच्या शेंड्याच्या उंचीवर प्रत्येकात मीटर धरा. दिवा २५ सेंटिमीटरवर असताना माझे आकडे मध्ये २७,०००, कोपऱ्यात ११,५००. भागून ४०० आणि १७०. म्हणजे एकाच टेंटमध्ये एक रोप जवळजवळ अडीचपट जेवत होतं. दिवा ४० सेंटिमीटरवर नेला: मध्ये २१,०००, कोपऱ्यात १३,५००. मधला ताप गेला आणि कोपरे सुधारले, कारण वर गेल्यावर उजेड पसरतो आणि चकचकीत भिंती तो आत परत टाकतात. त्या भिंतींवर धूळ बसते. महिन्यातून एकदा मऊ ओल्या फडक्याने पुसा, आणि टेंटची चेन उघडी ठेवून दिवा चालवू नका. त्या बाजूची रोपं तेवढ्यानेही मागे पडतात.

यामुळे दिवा निवडताना आकारही बघा. छोटा चौकोनी बोर्ड मध्ये जोर करतो; तीन-चार लांब पट्ट्यांचा दिवा सगळीकडे सारखा उजेड टाकतो आणि जवळ लावता येतो. टेंट बुटका असेल तर याचा फार फरक पडतो. माझ्या १४० सेंटिमीटरमध्ये दोरी आणि दिवा २०, दिव्याखालची मोकळी जागा ३०, कुंडी २०. झाडाला उरतात ७० सेंटिमीटर. टोमॅटोची उंच वेल वाढवायची इच्छा मी इथेच सोडली आणि झुडपासारखी राहणारी जात लावली.

खालची पानं पिवळी, शिरा हिरव्या

तिसऱ्या वेळचा दोष. खालच्या, जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, वरची पानं छान. उजेडाचा त्रास असा तळातून सुरू होत नाही, तो शेंड्याला दिसतो. ही मॅग्नेशियमची कमतरता होती. झाड नव्या पानासाठी जुन्या पानातून मॅग्नेशियम ओढून घेतं. आमच्याकडे प्यायला आरओचं पाणी, तेच मी कुंड्यांना घालत होते, आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ उरतच नाही. कोकोपीटही स्वतःकडे बरंचसं धरून ठेवतं. उजेड चांगला मिळायला लागल्यावर वाढीचा वेग वाढला आणि उणीव उघडी पडली. नळाचं पाणी सुरू केलं, लिटरला एक ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट दोनदा पंधरा दिवसांच्या अंतराने दिलं, नवी पानं स्वच्छ आली. जुनं पान पूर्ण पिवळं झालं तर नत्र बघा. शिरा हिरव्या पण त्रास सगळ्यात नव्या पानावर असेल तर लोह, आणि बहुधा पाण्याचा सामू (पीएच) चढलेला असतो.

उष्णता, दमट हवा आणि टायमर

'एलईडी गरम होत नाही' यावर विसंबू नका. १०० वॅटचा दिवा बंद टेंटमध्ये १०० वॅटच्या हीटरइतकीच उष्णता सोडतो, उजेडसुद्धा शेवटी उष्णताच होतो. एप्रिलमध्ये माझ्या टेंटमध्ये ३८ अंश झाले आणि मिरचीची फुलं गळून गेली. तेव्हापासून उन्हाळ्यात दिवा रात्रपाळीला असतो: संध्याकाळी सातला चालू, सकाळी अकराला बंद. टेंटच्या आत बाहेरचा दिवस-रात्र कळतच नाही, फक्त चेन नीट लावलेली हवी. ज्या दिव्याचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) वायरने लांब ठेवता येतो, तो बाहेर काढा. तेवढी उष्णता आत कमी.

पावसाळ्यात उलट. दिवा बंद झाला की आतली हवा गार होते, आर्द्रता चढते, पानांवर दव धरतं आणि भुरी, कूज सुरू. बरेच जण एक्झॉस्ट पंखा दिव्याच्याच टायमरला जोडतात, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी तो बंद. पंखा वेगळ्या सॉकेटला लावा आणि रात्रभर मंद चालू द्या. जून ते सप्टेंबर माझ्याकडे रोपांची मर याने खूपच कमी झाली.

टायमरबद्दल: दात असलेला यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो, आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे चालतो. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. चार गुरुवारांत माझं वेळापत्रक नऊ तासांनी सरकलं होतं, आणि मी मात्र 'रोपं संध्याकाळी मलूल का' याचा शोध घेत होते. त्यांची ती मध्यरात्र होती. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

माझी नणंद म्युनिकला असते. तिथे डिसेंबरात दिवस साडेआठ तासांहूनही लहान, म्हणून तिने कढीपत्त्यासाठी टेंट घेतला. दिवा उत्तम, मोजून २५० मायक्रोमोल. तरी फोन आला, "वहिनी, पानं गळतायत गं, अजून मोठा दिवा घेऊ?" मी तिला कुंडीत बोट घालायला सांगितलं. माती फ्रिजमधल्या भांड्यासारखी गार, कुंडी थेट फरशीवर. लाकडी फळीवर उचलून ठेवली, पाणी कोमट करून द्यायला लागली, तीन आठवड्यांत नवे कोंब फुटले. दिवा तोच.

नवा दिवा घ्यायचाच असेल तर

खरे वॅट, पीपीएफ, आणि कोणत्या उंचीवर किती पीपीएफडी याचा नकाशा: हे तीन छापलेले हवेत. नकाशात फक्त मधला आकडा दिला असेल तर कोपरे वाईट आहेत असं समजा. डिमर हवाच. प्लग तीन पिनांचा, अर्थिंग खरोखर जोडलेलं, ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक. टेंटमध्ये पाणी आणि वीज हातभर अंतरावर असतात, तेव्हा इथे पैसे वाचवू नका. सॉकेट जमिनीवर न ठेवता टेंटच्या नळीला वर बांधा आणि वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. '५०,००० तास' आयुष्य लिहिलेलं असेल तर पुढे 'एल७०' की 'एल९०' ते बघा. एल७० म्हणजे तेवढ्या तासांनी उजेड ७० टक्क्यांवर येतो. रोज १६ तासांनी ५०,००० तास म्हणजे साडेआठ वर्षं, त्याआधी ड्रायव्हर जाण्याचीच शक्यता जास्त. म्हणून तो सुटा बदलता येतो का, हे मी आधी विचारते.

आणि कोणाला रोपाचा फोटो पाठवून मदत मागायची असेल तर जांभळ्या उजेडात काढू नका, दिवा बंद करून खोलीच्या उजेडात काढा. सोबत पाच गोष्टी लिहा: मीटरवरचे वॅट, शेंड्यापासून अंतर, दिवसाचे तास, टेंटमधलं तापमान, पाणी कुठलं. यातल्या तीन नसतील तर समोरचा अंदाजच बांधतो, आणि त्या अंदाजावर आपण नवा दिवा घेतो.

माझ्या दिव्याच्या कडेला आता लेकीची शाळेतली ३० सेंटिमीटरची पट्टी दोऱ्याने लोंबते आहे. दर रविवारी पाणी घालताना पट्टीचं टोक शेंड्याला लागतंय का बघते, लागलं तर दोरी दोन खाचा वर घेते. या खेपेला मिरचीच्या सहाही रोपांना पहिली फुटी एकाच उंचीवर आली आहे, जमिनीपासून चार बोटांवर.